तक्रार-वही: पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटने आपला त्रास कसा नोंदवावा, कसा सांगावा

पसरलेल्या किंवा उलटलेल्या कॅन्सरच्या उपचारात गाठ किती वाढली हे स्कॅन सांगतो आणि हिमोग्लोबिन किती हे लॅब सांगते. दुखणं, मळमळ, दम, गळाठा, झोप आणि धास्ती यांचा रिपोर्ट मात्र फक्त पेशंटकडूनच येतो. तो आला नाही तर त्या त्रासावर उपचारही होत नाही. ओपीडीत मात्र बहुतेक वेळा इतकंच घडतं: डॉक्टर विचारतात "कसं काय?", पेशंट म्हणतो "बरं आहे", मुलगा फाइल पुढे करतो आणि केमोच्या पुढच्या सायकलची, म्हणजे फेरीची, तारीख मिळते.

नोंद ठेवून खरंच काही फरक पडतो का? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये ईथन बाश आणि सहकाऱ्यांनी पसरलेल्या गाठींसाठी केमो घेणाऱ्या ७६६ पेशंटांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१६ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाने १२ नेहमीच्या तक्रारी कॉम्प्युटरवर स्वतः नोंदवल्या. घरून नोंदवणाऱ्याचा त्रास वाढला की नर्सला ईमेल जात असे. दुसऱ्या गटाला नेहमीसारखी सेवा मिळाली. जीवनमान सुधारलेले पेशंट पहिल्या गटात ३४ टक्के होते, दुसऱ्यात १८ टक्के. जगण्याचा मध्यांक, म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ, ३१.२ महिने विरुद्ध २६ महिने निघाला. पुढे अमेरिकेतल्याच ५२ केंद्रांवरच्या १,१९१ पेशंटांच्या मोठ्या अभ्यासात जगण्याच्या कालावधीत फरक दिसला नाही. मात्र त्रासावरचं नियंत्रण आणि हिंडण्या-फिरण्याची क्षमता सुधारली, आणि इमर्जन्सीत पहिल्यांदा धाव घ्यायची वेळ लांबली. त्यामुळे वही लिहिल्याने आयुष्य वाढेल असं वचन कुणी देऊ नये. दिवस कमी त्रासाचे जावेत, हे कारण पुरेसं आहे. या अभ्यासांतली दुसरी बाजूही लक्षात ठेवा: नोंद नर्सपर्यंत पोचत होती आणि तिच्यावर कुणीतरी काही करत होतं. नुसत्या वहीने त्रास कमी होत नाही.

पेशंट सांगत का नाहीत

हे आधी समजून घेतलं नाही तर वही चार दिवसांत बंद पडते.

सगळ्यांत मोठी भीती उपचार थांबण्याची असते. हातापायांच्या मुंग्या सांगितल्या तर केमो बंद करतील, म्हणून पेशंट गप्प राहतो. प्रत्यक्षात मुंग्या लवकर कळल्या तर डोस कमी करून किंवा औषध बदलून उपचार पुढे नेता येतात. उशिरा कळल्या तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. दुसरी भीती अशी, की दुखणं वाढलं म्हणजे रोग वाढला. ते बोललं तर खरं होईल. तिसरी मॉर्फिन या तीव्र दुखण्यावरच्या औषधाची: "आता शेवटचं औषध सुरू करतील". चौथं कारण भीतीचं नाही, संकोचाचं आहे. डॉक्टरांसमोर रांग आहे, त्यांचा वेळ कशाला घ्यायचा? घरच्यांनी रजा काढून आणलंय, त्यांना आणखी ताप कशाला? सोसणाऱ्या माणसाचं आपल्याकडे कौतुक होतं, आणि ते कौतुक टिकवायला पेशंट बरंच काही गिळतो.

नोंद सुरू केल्यावरचा अनुभवही सरळ नसतो. पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांना हलकं वाटतं: कुणीतरी विचारतंय, आणि काय विचारायचं ते ठरलेलं आहे. मग कंटाळा येतो, कारण रोज तेच आकडे. काहींना मागची पानं चाळून उतरती कळा दिसते आणि धसका बसतो. काहींना वाटतं, दोन तास आजार विसरलो होतो, तुम्ही वही घेऊन आलात. म्हणून तीन गोष्टी पाळा. नोंदीची वेळ ठरवा, दोन-तीन मिनिटांत उरका, वही मिटा. मागची पानं पेशंटला सांभाळणाऱ्या माणसाने आपल्याकडे ठेवावीत. पेशंटने मागितली तरच द्यावीत. आणि तब्येत स्थिर असेल तर रोजचं लिहिणं सोडून आठवड्यातून एकदा लिहा. औषध बदललं, केमोची नवी सायकल लागली किंवा नवा त्रास सुरू झाला की पुन्हा रोज.

वही कशी आखायची

शंभर पानी साधी वही पुरते. मोबाइल ॲप वापरता येत असेल तर हरकत नाही, पण ओपीडीत लॉक उघडून पान शोधण्यात वेळ जातो. वहीवर रोगाचं नाव लिहू नका. घरात पेशंटला पूर्ण निदान सांगितलेलं नसेल तर ते पाहूनच गोंधळ होतो.

पहिल्या पानावर चालू औषधं लिहा: नाव, मिलिग्रॅम, वेळ, कधीपासून. चिठ्ठीत लिहिलेली नव्हे, खरोखर पोटात जाणारी. अर्धी केलेली गोळी, स्वतःहून बंद केलेलं औषध, काढे, भस्म, गावाकडून आणलेली पुडी, सगळं. यकृताचा रिपोर्ट अचानक बिघडतो तेव्हा डॉक्टर आधी हेच शोधतात.

रोजच्या नोंदीसाठी एडमंटन पद्धत सोपी आहे. कॅनडातल्या एडमंटनमध्ये एदुआर्दो ब्रुएरा आणि सहकाऱ्यांनी ती १९९१ मध्ये मांडली आणि आज जगभरच्या पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातला त्रास कमी करणारी सेवा) विभागांत ती वापरली जाते. तिच्या सध्याच्या रूपात नऊ गोष्टींना ० ते १० असे आकडे द्यायचे: दुखणं, थकवा, गुंगी, मळमळ, भूक न लागणं, दम, उदासी, धास्ती, आणि एकूण कसं वाटतंय. दहावी जागा पेशंटच्या स्वतःच्या तक्रारीसाठी मोकळी: खाज, उचकी, तोंडाची आग, जे असेल ते. ० म्हणजे अजिबात त्रास नाही, १० म्हणजे कल्पना करता येईल इतका वाईट. आकडा "आत्ता"चा द्यायचा, दिवसभराची सरासरी नको.

इथे दोन चुका हमखास होतात. "भूक" असं नुसतं लिहिलं की खाणं छान चाललेला पेशंट १० सांगतो. म्हणून रकान्यात पूर्ण "भूक न लागणं" लिहा, आणि शेवटच्या रकान्यात "एकूण बरं न वाटणं". दुसरी चूक थकवा आणि गुंगीची. थकवा म्हणजे जाग आहे पण अंगात त्राण नाही; गुंगी म्हणजे बोलता बोलता डोळे मिटतात. पहिल्याचं कारण रक्त कमी असणं असू शकतं, दुसऱ्याचं एखादं औषध. दोन्हीला "ग्लानी" म्हटलं की डॉक्टर चुकीच्या दिशेने शोधत राहतात.

आकडा जमत नसेल तर

शाळेची पायरी न चढलेल्या आजींना "दहापैकी किती" हा प्रश्न परीक्षेसारखा वाटतो आणि त्या समोरच्याला खूश करणारा आकडा देतात. त्यांना चार पायऱ्या द्या: अजिबात नाही, थोडं, बऱ्यापैकी, फार. हाताची बोटंही चालतात: मूठ म्हणजे काही नाही, पाच बोटं म्हणजे असह्य. चेहऱ्यांची चित्रंही आहेत, पण रडणारा चेहरा पाहून काही पेशंट म्हणतात "मी रडत नाही" आणि अलीकडचा चेहरा निवडतात.

औषधाने किती उतार पडला हे विचारायला मात्र आण्यांचा हिशेब उत्तम. "गोळीने किती आणे फरक पडला?" याला साठीपुढचा माणूस झटकन उत्तर देतो: चार आणे, आठ आणे, बारा आणे. आठ आणे म्हणजे निम्मं. हाच शब्द वहीत लिहा, टक्के करत बसू नका. फक्त एक पद्धत एकदा धरली की ती बदलू नका. सोमवारी बोटं आणि गुरुवारी आकडे, असं केलं की तुलना संपते.

आकड्याहून खात्रीची गोष्ट म्हणजे रोजचं काम. प्रत्येक पेशंटसाठी दोन खुणा ठरवा, ज्या त्याच्या दिवसातल्याच असतील: संडासापर्यंत आधाराशिवाय जाणं, मांडी घालून जेवणं, स्वतः केस विंचरणं, देवापुढे दहा मिनिटं बसणं, रात्री किती वेळा जाग आली. "दुखणं ५" यावरून डॉक्टरांना थोडं कळतं. "दुखणं ५, कालपासून मांडी घालता येत नाही" यावरून बरंच कळतं. शिवाय माणूस सोसायला शिकतो आणि आकडा तिथेच राहतो. काम मात्र सुटत जातं.

दुखणं: इथे वेळ द्या

दुखण्याच्या नोंदीत पाच गोष्टी लागतात: कुठे, कसं, कधी, कशाने वाढतं-उतरतं, आणि औषधानंतर काय.

"कुठे" यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर माणसाची आकृती काढा, पुढून आणि मागून, आणि जागेवर फुली मारा. दोन जागी दुखत असेल तर दोन वेगळे आकडे.

"कसं" याला मराठीत नेमके शब्द आहेत. सुशिक्षित नातेवाईक ते गाळून नुसतं "पेन आहे" म्हणतात. पेशंटचा शब्द जसाच्या तसा लिहा. आग होणं, मुंग्या, विजेसारखी चमक, नुसता कपडा लागला तरी सहन न होणं, हे नसेचं दुखणं असू शकतं. त्याला प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिनसारखी वेगळी औषधं लागतात. नुसती वेदनाशामकं वाढवून पुरेसा उतार पडत नाही. एका ठिकाणी खोल ठणका, हालचालीने वाढणारा, असेल तर हाडाचा विचार होतो. अशा दुखण्याला पुष्कळदा रेडिएशनच्या एकाच बैठकीने उतार पडतो. पोटात पिळवटून येणारी आणि सोडून जाणारी कळ आतड्याची असू शकते, आणि सोबत उलट्या व फुगलेलं पोट असेल तर त्याच दिवशी कळवायचं.

बसून आणि हलताना असे दोन आकडे घ्या. अंथरुणात पडून "२" सांगणारा पेशंट कूस वळताना "८" असतो. राउंडला डॉक्टर आले की तो पडूनच असतो, त्यामुळे हे राहून जातं.

मॉर्फिन सुरू असेल तर नोंद जास्त काटेकोर हवी. साधी मॉर्फिनची गोळी सुमारे चार तास चालते. म्हणून आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशी वेळ देतात. रात्रीची मात्रा अनेकदा दुप्पट असते, म्हणजे पहाटे दोनला उठावं लागत नाही. मध्येच दुखलं तर घ्यायची जादा मात्रा डॉक्टर लिहून देतात. प्रत्येक जादा गोळीची वेळ, आधीचा आकडा आणि एका तासानंतरचा आकडा लिहा. चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त जादा गोळ्या लागल्या तर नियमित मात्रा कमी पडतेय, फोन करा. जादा गोळी दर वेळी पुढच्या ठरलेल्या मात्रेच्या तासभर आधीच लागत असेल तर तेही आवर्जून सांगा. बारा तास चालणारी गोळी असेल तर ती कुटू नका आणि मोडू नका. त्वचेवर लावायचा फेंटॅनिल पॅच असेल तर लावल्याचा वार आणि तास पॅचवरच पेनने लिहा. तो सहसा ७२ तासांनी बदलतात. पॅचवर गरम पाण्याची पिशवी कधीच ठेवू नये, कारण उष्णतेने औषध झपाट्याने शरीरात उतरतं.

सुरुवातीची मळमळ आणि झापड सहसा काही दिवसांत कमी होते. बद्धकोष्ठ कमी होत नाही. मॉर्फिन आहे तोवर रेचक आहे, असंच समजायचं, आणि वहीत रोज एक खूण करायची: शौच झाली की नाही. तीन दिवस झाली नाही तर कळवा. चार-पाच दिवस कोंडल्यावर पातळ पाण्यासारखं थोडं थोडं होऊ लागलं तर ते जुलाब नसून कोंडलेल्या मळाच्या कडेने झिरपणं असू शकतं. तिथे जुलाब थांबवायची गोळी दिली की प्रकरण चिघळतं. हा घोटाळा फार होतो.

वहीतला एक दिवस असा दिसला तरी पुरे:

"मंगळवार, सकाळी ७. कंबर बसून ३, उठताना ७, ठणका. थकवा ६, गुंगी २, मळमळ ४, दम १. रात्री दोनदा जाग. जादा गोळी पहाटे ४:१५, आधी ८, तासाने ४. शौच नाही, दुसरा दिवस. संडासापर्यंत भिंत धरून."

बाकीच्या तक्रारी

"जेवण जात नाही" हे वाक्य वहीत लिहू नका. त्यात पाच वेगवेगळे त्रास दडलेले असतात. इच्छाच नाही? दोन घासांत पोट भरतं? तोंड आलंय? घास छातीत अडकतो? की वासानेच उमळतं? प्रत्येकाचा उपाय निराळा. पाणी उतरतं पण पोळी अडकते, आणि आता पेजही अडकू लागली, असा क्रम दिसला तर तो तारखांसह लिहा. अन्ननलिकेच्या पेशंटमध्ये तोच निर्णायक ठरतो. तसंच "पित्त झालं". उलटी किती वेळा झाली, रंग कोणता, खाल्ल्यावर किती वेळाने, आणि आधी मळमळ होती का ते लिहा. सकाळी उठल्याबरोबर, डोकेदुखीसह आणि मळमळ न होता थेट उलटी होत असेल तर ते पित्त म्हणून सोडू नका.

दम लागणं मोजायला बोलणं वापरा: एका दमात पूर्ण वाक्य होतं, अर्धं होतं, की दोनच शब्द? जिना, मोरीपर्यंत जाणं, कपडे बदलणं, यांपैकी कशाने लागतो? "जीव घाबरा होतो" असं पेशंट म्हणाला तर दम, धडधड, भीती की साखर उतरणं, हे विचारून घ्या. ऑक्सिमीटरचा आकडा लिहा, पण तो ९७ आहे म्हणून दम खोटा ठरत नाही. ऑक्सिजन नीट असूनही धाप असह्य होऊ शकते, आणि तिच्यावर उपाय असतात. चेहऱ्यावर हातपंख्याचा वारा हाही त्यातलाच एक, तो लगेच करून पाहा.

पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्सॅलिप्लॅटिनसारख्या केमोच्या औषधांनी नसांना होणारी इजा हळूहळू येते. तिची सगळ्यांत चांगली खूण म्हणजे चप्पल. चालताना पायातून निसटली आणि कळलंच नाही, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. शर्टाची बटणं, सुईत दोरा, कपबशी धरणं, हेही दर सायकलला एकदा विचारा. इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागवणारे उपचार) चालू असेल तर नवे जुलाब, कोरडा खोकला, अंगावर पुरळ या "किरकोळ" गोष्टी किरकोळ नसतात. आतडं किंवा फुप्फुसाला आलेली सूज अशीच सुरू होते, शेवटचा डोस होऊन आठवडे उलटले असले तरी.

न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी

सून वही लिहिते आणि सासूबाई अंगावरून जाणारं पांढरं किंवा रक्त तिला सांगत नाहीत. वडील मुलाला लघवी कपड्यात होते हे सांगत नाहीत. जखमेच्या वासामुळे नातवंडांना जवळ घेणं बंद होतं, आणि कारण कुणाला कळत नाही. अशा तक्रारींसाठी वहीत एक घडी घातलेलं पान ठेवा, ज्यावर पेशंट स्वतः फक्त खूण करेल. किंवा होम केअरच्या नर्सशी पाच मिनिटं एकटं बोलू द्या. जखमेच्या वासावर मेट्रोनिडॅझोलसारखा साधा उपाय बहुतेक वेळा चालतो, पण त्यासाठी ते कळायला हवं.

उदासीचा आकडा पेशंट सहसा ० किंवा १ सांगतो. त्याऐवजी विचारा: "मन कशात लागतं का?" आणि "रात्री डोळा लागत नाही तेव्हा काय मनात येतं?" "आता सुटका व्हावी" असं तो म्हणाला तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. दुखणं आवरलेलं नसल्याने तो असं म्हणतोय का, ते आधी पाहा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टर-नर्सच्या टीमला ते वाक्य जसंच्या तसं सांगा. जीव देण्याचा विचार किंवा तयारी दिसली तर त्याला एकटं सोडू नका, गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याच वेळी टीमला फोन करा. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं.

घरच्यांनी सांगितलं तर

पेशंटच्या वतीने नातेवाईक आकडा देतात तेव्हा तो बरेचदा पेशंटच्या आकड्यापेक्षा वर असतो. डॉक्टर-नर्सचा अंदाज बरेचदा खाली. दोघंही खोटं बोलत नसतात. म्हणून आकडा पेशंटच्या तोंडून घ्या, आणि तुम्हाला वेगळं वाटत असेल तर शेजारी "मुलीच्या मते ७" असं लिहा. पुसून दुरुस्त करू नका. दोन आकड्यांतलं अंतरही उपयोगाचं असतं.

निदान लपवलेल्या घरांत मुलगा डॉक्टरांना खोलीबाहेर गाठून सगळं सांगतो. निदान कधी आणि कसं सांगायचं हा वेगळा विषय, पण त्रास पेशंटलाच विचारायला हवा. "तुमची कंबर कशी आहे?" या प्रश्नाने कोणतंही गुपित फुटत नाही.

गडचिरोली, नांदेड, जळगावकडून मुंबईला फक्त फाइल घेऊन येणारे नातेवाईक पुष्कळ असतात, कारण पेशंट प्रवास करू शकत नाही. निघण्याआधी आदल्या दिवशी मोबाइलवर तीन छोटे व्हिडिओ घ्या: पेशंट स्वतः त्रास सांगतोय तो, अंथरुणातून उठून चार पावलं चालतोय तो, आणि जखम किंवा सूज असेल तर ती. डॉक्टरांसमोर असताना पेशंट फोनवर हजर राहील अशी व्यवस्था करा. आणि मॉर्फिन कुणाला, किती दिवसांचं देतात, कागदपत्रं कोणती लागतात हे निघण्याआधी फोन करून विचारा. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं असलं तरी ते सगळीकडे मिळत नाही. काही जिल्हा रुग्णालयांत पॅलिएटिव्ह कक्ष आहेत; आपल्या जिल्ह्यात चौकशी केली तर एखादी मुंबई वारी वाचते.

ओपीडीत आणि फोनवर

पाच मिनिटांची भेट असेल तर पहिलं मिनिट तुमचं. फाइल देण्याआधी बोला: "तीन गोष्टी आहेत. कंबर हलताना ७ झाली, आधी ४ होती. शौच तिसऱ्या दिवशी होते. आणि त्यांना विचारायचंय की चक्कर कशाने येते." पेशंटला सगळ्यांत जास्त छळणारी गोष्ट पहिली सांगा, तुम्हाला सगळ्यांत भयंकर वाटणारी नव्हे, दोन्ही एक असतीलच असं नाही. आदल्या रात्री आठवून भरलेली वही मात्र नेऊ नका. सगळीकडे ५-५ लिहिलेली पानं अनुभवी नर्स लगेच ओळखते.

टीमला पहिल्याच भेटीत चार प्रश्न विचारून उत्तरं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहा: नोंद कोण पाहणार? किती दिवसांनी? किती आकड्याला फोन करायचा? रात्री आणि रविवारी कुणाला? वेगळं काही सांगितलेलं नसेल तर साधारण असं धरा: ३ पर्यंत असेल तर पुढच्या भेटीत सांगा, ४ ते ६ आणि दोन दिवस हटत नाही, तर कामाच्या वेळेत फोन, ७ किंवा वर, किंवा एका दिवसात झपाट्याने वाढ, तर त्याच दिवशी. व्हॉट्सॲपवर एकच मेसेज पाठवा, ज्यात नाव, केस नंबर, आजचे वाढलेले आकडे, घेतलेली औषधं आणि एक प्रश्न असेल. तातडीचं काही असेल तर मेसेज नको, फोनच.

कळवूनही काहीच झालं नाही तर पेशंट एक तर सांगणं सोडतो किंवा सगळीकडे १० सांगू लागतो. उपाय नसला तरी उत्तर द्यायला हवं: "हा थकवा पूर्ण जाणार नाही, पण सकाळची दोन कामं निवडून तेवढीच करा." हे टीमनेही लक्षात ठेवायला हवं.

वही बाजूला ठेवून लगेच निघायचं तेव्हा

केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा जास्त. आधी ताप मोजा, मग पॅरासिटामॉल. उलट केलं तर ताप लपतो आणि पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतील तर मौल्यवान तास जातात.

पाठीत नवं दुखणं, पट्टा आवळल्यासारखं, झोपल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारं, आणि सोबत पाय लटपटणं, बधिर होणं किंवा लघवी अडणं. मज्जारज्जूवर दाब असू शकतो. पेशंट चालत असताना उपचार मिळाले तर चालणं टिकण्याची शक्यता चांगली असते. पाय गेल्यावर ते परत मिळवणं कठीण. उद्याची ओपीडी नको, आजच.

खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ आणि बरळणं, हे एकत्र आलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. त्यावर उपचार आहे. मॉर्फिनवर असलेला पेशंट हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, अंगाला झटके येत असतील किंवा भास होत असतील. एकाच पायाला सूज, किंवा अचानक दम. चेहरा आणि मान सुजून नसा फुगणं. न थांबणारं रक्त. औषधही टिकत नाही अशी उलटी. यांपैकी काहीही दिसलं तर टीमला फोन करा; ती उचलत नसेल तर १०८. पेशंट शेवटच्या टप्प्यात असेल आणि दवाखान्यात न्यायचं नाही असं आधीच ठरलं असेल, तर यांतल्या प्रत्येक गोष्टीला घरी काय करायचं ते टीमकडून लेखी घेऊन ठेवा.

पेशंट बोलू शकत नाही तेव्हा

शेवटच्या दिवसांत आकडे विचारणं थांबवा. आता नोंद सांभाळणाऱ्याने करायची, आणि ती दिसणाऱ्या गोष्टींची: कपाळावर आठ्या, कूस बदलताना कण्हणं, चादर मुठीत धरणं, सतत हात झटकणं. अस्वस्थता दिसली की औषध वाढवण्याआधी मूत्राशय भरलंय का, शौच कोंडलीय का, तोंड कोरडं पडलंय का, अंग एका कुशीवर आखडलंय का ते पाहा. घशातली घरघर ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पण त्या अवस्थेत पेशंटला तिचा बहुधा त्रास होत नसतो. कूस बदलल्याने ती थोडी कमी होते. गिळता येत नसेल तर गोळी तोंडात कोंबू नका, टीमला फोन करून दुसरा मार्ग विचारा, आणि हा प्रश्न गिळणं बंद होण्याआधीच विचारून ठेवलेला बरा.

उरलेलं मॉर्फिन आणि पॅच मोजून, वहीतल्या शेवटच्या नोंदीशी ताडून, ज्या रुग्णालयाने दिले तिथेच परत करा. शेजारच्या दुसऱ्या पेशंटला ते देऊ नका. त्याची मात्रा वेगळी असते आणि कायद्यालाही ते चालत नाही.